बिनतारी बोली : पोलिसांचा वायरलेस आणि रहस्यकथेची भाषा

रहस्यकथा हे मराठी घराचे जुने व्यसन आहे. गाव सोडून चार-पाच पिढ्या झाल्या, पोटापाण्यासाठी माळव्यात, गुजरातेत, निजामाच्या मुलखात येऊन आपण स्थिरावलो, तरी वाचनालयातून आणलेली बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके उशीखाली ठेवून वाचण्याची सवय काही सुटली नाही. पुढे दूरदर्शन आले, मग वाहिन्या आल्या, आणि आता तर मोबाइलवर रोज नवी पोलीस-मालिका येते. या सगळ्यांत एक गोष्ट हमखास भेटते. निरीक्षक हातातला वॉकी-टॉकी तोंडाशी नेतो, लांबलचक वाक्य बोलतो आणि शेवटी ठसक्यात म्हणतो, ‘ओव्हर अँड आउट!’

खरा पोलीस असे म्हणत नाही, कारण या दोन शब्दांचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ‘ओव्हर’ म्हणजे ‘माझे बोलून झाले, आता तुम्ही बोला, मी थांबलो आहे’. ‘आउट’ म्हणजे ‘संभाषण संपले, उत्तराची गरज नाही’. दोन्ही एका दमात म्हणणे म्हणजे पाहुण्याला ‘बसा’ आणि ‘या आता’ एकदमच सांगण्यासारखे. तरीही पडद्यावर आणि पुस्तकांत हे वाक्य टिकून राहिले, कारण लिहिणाऱ्यांनी बिनतारी बोलीचा आवाज उचलला, पण ती बोली तशी का झाली हे पाहिले नाही.

ते ‘का’ शोधायचे तर जवळजवळ दीडशे वर्षे मागे जावे लागते. हा इतिहास बराचसा परदेशात घडला आहे, पण त्याचा शेवट आपल्या दाराशी येतो. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही तो थोडक्यात मांडतो आहोत.

शिट्टीपासून बिनतारीपर्यंत

गस्तीवरचा एकटा शिपाई आणि त्याचे ठाणे यांच्यात संपर्क कसा राखायचा, हा पोलीस खात्याचा फार जुना प्रश्न. लंडनचे पोलीस आधी लाकडी खुळखुळा वाजवीत. १८८० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनने बनवलेली शिट्टी त्यांच्या हाती आली. शिट्टी लांब ऐकू जाते, पण ती एकच गोष्ट सांगू शकते : ‘या!’ कुठे, का, किती जण, हे तिला सांगता येत नाही. पुढे रस्त्यांवर पोलिसांसाठी टेलिफोनच्या पेट्या बसल्या. शिपायाने ठरावीक वेळी पेटीपाशी जायचे, ठाण्याला फोन करायचा आणि काही निरोप असेल तर घ्यायचा. दोन पेट्यांच्या मधल्या वेळेत मात्र तो पुन्हा एकटाच.

बिनतारी यंत्राने गुन्हेगार पकडला जाऊ शकतो, हे जगाला पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते १९१० साली. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, तो हा काळ. लंडनमधला डॉक्टर क्रिपन पत्नीच्या खुनाचा संशय येताच आपल्या प्रेयसीला मुलाचे कपडे घालून ‘माँट्रोझ’ नावाच्या जहाजाने कॅनडाकडे निघाला. जहाजाचा कप्तान हेन्री केंडल याला या ‘बापलेकां’चे वागणे खटकले आणि त्याने मार्कोनीच्या यंत्रावरून इंग्लंडला संदेश धाडला. स्कॉटलंड यार्डचे निरीक्षक वॉल्टर ड्यू अधिक वेगवान जहाजाने निघाले आणि आधी पोहोचले. ३१ जुलै १९१० रोजी क्रिपन पकडला गेला. मधल्या दिवसांत हा पाठलाग वर्तमानपत्रे रोज छापत होती. सगळे जग तो वाचत होते, आणि ज्याचा पाठलाग चालला होता त्या दोघांनाच भर समुद्रात त्याचा पत्ता नव्हता. एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, यातून निर्माण होणारा ताण रहस्यकथेचा प्राण असतो. बिनतारीने तो पहिल्याच फटक्यात दाखवून दिला.

गाडीत आलेला आवाज

जहाजावर मोठे यंत्र बसवणे सोपे होते. गाडीत बसवणे अवघड. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पोलिसांनी १९२३ मध्ये गस्तीच्या गाडीत बिनतारी यंत्र बसवले, पण त्यावर बोलणे नव्हते. मोर्सचे कट्ट-कडकट्ट होते. म्हणजे गाडीत मोर्स जाणणारा माणूस बसवणे आले.

माणसाचा आवाज गस्तीच्या गाड्यांपर्यंत नियमितपणे पोहोचला तो अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, एप्रिल १९२८ मध्ये. मोटारींचेच ते शहर. चोरांच्या हाती वेगवान गाड्या आल्या होत्या आणि पोलीस मागे पडत होते. आयुक्त विल्यम रटलेज यांनी अनेक वर्षे हा प्रयोग चिकाटीने चालू ठेवला होता. केंद्राचा सुरुवातीचा परवाना करमणुकीच्या प्रसारणाचा असल्यामुळे पोलिसी संदेशांच्या जोडीला गाणीबजावणीही लावावी लागत असे. पुढे केनेथ कॉक्स आणि रॉबर्ट बॅट्स यांनी गाडीच्या हादऱ्यांत टिकेल असा ग्राहक-संच बनवला आणि यंत्रणा रुळली.

हा संवाद मात्र एकतर्फी होता. केंद्र बोले, गाडी ऐके. गाडीला उत्तर देण्याची सोय नव्हती. संदेश पोहोचला की नाही हे कळायला शिपायाने गाडी थांबवून टेलिफोन गाठावा लागे. म्हणून केंद्राचा माणूस प्रत्येक पत्ता सावकाश आणि दोनदा सांगे. पोलिसी निवेदकाचा तो संथ, भावनाशून्य स्वर आपण चित्रपटांत ऐकतो, त्याचे मूळ या एकतर्फी काळात आहे. समोरचा ‘काय म्हणालात?’ असे विचारू शकत नसेल, तर पहिल्याच वेळी स्वच्छ बोलणे भाग पडते.

दुतर्फी संभाषण १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहरात सुरू झाले. आता गाडी उत्तर देऊ लागली. १९४० च्या सुमारास कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी डॅनियल नोबल यांनी एफएम पद्धतीची राज्यभर चालणारी यंत्रणा उभी केली आणि खरखर पुष्कळ कमी झाली. या दहा-बारा वर्षांतच बिनतारीची बोली घडली.

बोली कशी घडली

या बोलीची तीन कारणे लक्षात ठेवली की बाकीचे आपोआप कळते.

पहिले कारण, रस्ता एकच आणि वाटसरू अनेक. सगळ्या गाड्या एकाच ध्वनिलहरीवर. बटण दाबून एक जण बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचे. टेलिफोनसारखे मध्येच तोंड घालता येत नाही. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही बोलणे फुकट जाते. त्यामुळे जो लांब बोलतो तो दुसऱ्याचा रस्ता अडवतो, आणि त्या दुसऱ्याच्या जिवावर बेतलेले असू शकते. बिनतारी बोलीतला तुटकपणा हा पोलिसांचा उद्धटपणा नाही, तो शिष्टाचार आहे.

दुसरे कारण यंत्राचे. इलिनॉय राज्य पोलिसांचे चार्ल्स हॉपर यांनी १९३७ ते १९४० या काळात प्रसिद्ध ‘टेन-कोड’ तयार केले. ‘टेन-फोर’ म्हणजे संदेश मिळाला, ‘टेन-नाइन’ म्हणजे पुन्हा सांगा, ‘टेन-ट्वेंटी’ म्हणजे ठावठिकाणा. पण प्रत्येक संकेताच्या आधी ‘टेन’ कशाला? नुसते ‘फोर’ म्हटले असते तर चालले नसते का? नसते चालले. त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या संचाला गाडीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त विद्युतदाब लागे आणि तो देणारे छोटे जनित्र बटण दाबल्यावर फिरू लागे. त्याला पूर्ण वेग घ्यायला क्षणाचा काही भाग लागायचा. तेवढ्यात बोलणाऱ्याचे पहिले अक्षर हवेत विरून जाई. म्हणून आधी एक बिनमहत्त्वाचा शब्द टाकायचा. तो गिळला गेला तरी बिघडत नाही, पुढचा आकडा मात्र शाबूत पोहोचतो. आजच्या संचांत ते जनित्र नाही, तरी ‘टेन’ उरले आहे. मराठी घरांतल्या कित्येक रिवाजांचे असेच झाले आहे. कारण गेले, रीत राहिली.

तिसरे कारण कानाचे. बी, डी, पी, टी, व्ही ही इंग्रजी अक्षरे खरखरीतून सारखीच ऐकू येतात. ‘एमपी’ की ‘एमबी’ हे गाडीच्या नंबरपाटीबाबत कळले नाही तर भलताच माणूस अडकायचा. म्हणून प्रत्येक अक्षराला एक नाव मिळाले. लॉस एंजेलिसच्या पोलिसांत ‘ए’ म्हणजे ॲडम, ‘बी’ म्हणजे बॉय, ‘सी’ म्हणजे चार्ल्स. विमानवाहतुकीसाठी १९५६ मध्ये जी आंतरराष्ट्रीय यादी लागू झाली तिच्यात तीच अक्षरे अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी आहेत. लॉस एंजेलिसचा पोलीस ‘ब्राव्हो’ म्हणाला की जाणकार वाचक तिथेच हसतो.

ऐकणारे लेखक

सुरुवातीच्या पोलिसी लहरी घरगुती रेडिओच्या पट्ट्याला लागूनच होत्या. त्यामुळे काटा जरा पुढे सरकवला की लोकांना घरबसल्या पोलिसांचे संदेश ऐकू येत. चोरही ऐकत हे सांगायला नको. पण लेखकही ऐकू लागले, आणि तिथून गुन्हेकथेची भाषा बदलली.

१९३३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘कॉलिंग ऑल कार्स’ ही नभोनाट्यमाला सुरू झाली आणि १९३९ पर्यंत चालली. तिच्यात संदेश देणारा आवाज नटाचा नव्हता. लॉस एंजेलिस पोलिसांचे खरेखुरे निवेदक सार्जंट जेसी रोझनक्विस्ट तो देत. त्यांच्या आवाजातला सपाटपणा श्रोत्यांना इतका आवडला की संदेशाच्या शेवटी ते घेत ते त्यांचे स्वतःचे नावही लोकप्रिय झाले.

१९४८ च्या ‘ही वॉक्ड बाय नाइट’ या चित्रपटात गुन्हेगार स्वतःच बिनतारीचा जाणकार असतो आणि पोलिसांचे संदेश ऐकून निसटत राहतो. त्यात छोटी भूमिका करणारा नट जॅक वेब याची चित्रपटाचे सल्लागार सार्जंट मार्टी विन यांच्याशी ओळख झाली. सिनेमात पोलीस कसे चुकीचे दाखवतात, याची विन यांनी तक्रार केली. वेबने ती मनावर घेतली. तो रात्री पोलिसांच्या गाडीत बसून हिंडला, ते कसे बोलतात आणि गप्प कसे बसतात हे त्याने ऐकले. यातून जून १९४९ मध्ये ‘ड्रॅगनेट’ ही नभोनाट्यमाला जन्मली. तिच्यातले पोलीस ओरडत नाहीत. ते फोन लावतात, वाट पाहतात, नोंदी तपासतात, कंटाळतात. श्रोत्यांना हेच नवे होते.

‘हायवे पेट्रोल’ या १९५५ पासूनच्या दूरचित्रवाणी मालिकेने ‘टेन-फोर’ घराघरांत नेले. १९६८ मध्ये वेबनेच ‘ॲडम-ट्वेल्व्ह’ काढली. मालिकेचे नाव हीच एका गाडीची हाक. तिच्यात नियंत्रण कक्षाचा आवाज शॅरन क्लॅरिज यांचा होता, आणि त्या लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या निवेदिका होत्या. इंग्लंडमध्ये ट्रॉय केनेडी मार्टिन हा लेखक गालगुंडांनी अंथरुणाला खिळला असताना वेळ घालवण्यासाठी पोलिसांची लहर ऐकत पडला, आणि त्यातून बीबीसीची ‘झी कार्स’ ही मालिका उभी राहिली, असे सांगतात. २ जानेवारी १९६२ रोजी ती सुरू झाली. तोवर इंग्रजी पडद्यावरचा पोलीस हा चौकात उभा राहणारा प्रेमळ काका असे. या मालिकेत तो थकलेला, चिडलेला, कधी चुकणारा माणूस झाला.

या सगळ्यांत एक सूत्र आहे. ज्याने आधी ऐकले, त्याचे लिहिणे खरे वाटले. संकेतांची यादी पाठ करून हे साधत नाही.

लिहायचे कसे?

आमच्या मंडळातल्या लिहिणाऱ्या तरुणांसाठी एक लहानसे उदाहरण रचून दाखवतो. आपल्या मालिकांत साधारण असे ऐकू येते :

‘कंट्रोल, कंट्रोल! मी इन्स्पेक्टर देशमुख बोलतोय. आरोपी अत्यंत धोकादायक असून तो लाल रंगाच्या मारुतीतून आपल्या साथीदारासह पळून गेला आहे. काहीही झाले तरी त्याला शहराबाहेर जाऊ देऊ नका. ओव्हर अँड आउट!’

आता तोच प्रसंग असा पाहा :

‘कंट्रोल, दोन मोबाइल.’

‘बोला, दोन.’

‘लाल मारुती. स्टेशन रोडने नाक्याकडे. आत दोघे.’

‘दोन, नंबर सांगा.’

‘शेवटचे चार… सात एक.’

‘दोन, तुटतंय. शेवटचे चार परत.’

‘चार शून्य सात एक.’

‘चार शून्य सात एक. बरोबर?’

‘बरोबर.’

‘सर्व मोबाइल ऐका. लाल मारुती, शेवटचे चार, चार शून्य सात एक…’

दुसऱ्या संवादात एकही परकी संकेत-संख्या नाही, तरी तो खरा वाटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले, हा बिनतारीचा रूढ क्रम त्यात आहे. आधी वाहन, मग दिशा, मग माणसे, असा शोधणाऱ्याच्या उपयोगाचा क्रम आहे. आकडा ऐकणाऱ्याने उलट वाचून दाखवला आहे. ‘धोकादायक’, ‘काहीही झाले तरी’ असली विशेषणे नाहीत, कारण त्यांनी गाडी सापडत नाही. आणि मधल्या तुटलेल्या वाक्यात भीती आहे. नंबर दुसऱ्यांदा विचारावा लागला त्या तीन-चार सेकंदांत लाल मारुती नाक्यापाशी पोहोचली असेल का, हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप येतो. लेखकाने तो लिहावा लागत नाही.

आणखी एक भेद आपल्या भाषेत फार महत्त्वाचा आहे. पोलिसांचे कागदी मराठी वेगळे आणि बोलण्यातले वेगळे. पंचनाम्यात ‘सदर अनोळखी इसम मयत स्थितीत मिळून आला’ असे येते. ते न्यायालयासाठी असते. बिनतारीवर असे कोणी बोलणार नाही. आपल्या कथांत पुष्कळदा पंचनाम्याची भाषा पोलिसाच्या तोंडी घातली जाते आणि तिथेच माणूस मरून पुतळा उरतो.

आपल्या रहस्यकथेत बिनतारी का नव्हती?

अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी दोन पिढ्यांना वेड लावले. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. या परंपरेचा नायक बहुधा एकटा, बुद्धिमान, धाडसी; पोलीस त्याच्या मागून येणारे. एकट्या नायकाला वायरलेस कशाला लागेल? बिनतारी हे समूहाचे यंत्र आहे. अनेक सामान्य माणसे मिळून एक काम करतात तेव्हाच तिची गरज पडते. म्हणून आपल्या रहस्यकथेत ती नसणे हा अज्ञानाचा प्रकार नव्हता, तो नायकाच्या कल्पनेचा परिणाम होता.

पोलीस हा माणूस म्हणून मराठीत आला तो वेगळ्या वाटेने. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ काढला. हिंदी पडद्यावरच्या सर्वांत खऱ्या फौजदाराचे मूळ मराठी कथेत आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. आणि मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांनी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली. तिचे नावच पोलीस नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक. त्यात काम केलेले शिवाजी साटम पुढे १९९८ पासून सिंग यांच्याच ‘सीआयडी’त देशभर पोहोचले. एकट्या गुप्तहेराकडून नियंत्रण कक्षाकडे, म्हणजे समूहाकडे, मराठी गुन्हेकथा वळल्याची खूण त्या नावात होती.

सव्वीस नोव्हेंबरची रात्र

बिनतारीवरचे चार शब्द किती वजनदार असतात, हे मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळस्कर ज्या गाडीत होते तिच्यावर गोळीबार झाला. हल्लेखोर तीच गाडी घेऊन निघाले. मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या देहांमध्ये जखमी अवस्थेत पडलेले शिपाई अरुण जाधव जिवंत होते. हल्लेखोरांनी गाडी सोडल्यावर त्यांनी त्याच गाडीतल्या वायरलेसवरून नियंत्रण कक्षाला खबर दिली.

हल्लेखोरांनी पुढे स्कोडा गाडी पळवली. त्या गाडीची खबर बिनतारीवरून फिरली आणि गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी करून उभ्या असलेल्या पोलिसांनी ती अडवली. तिथे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी पकडून ठेवली आणि स्वतःच्या अंगावर गोळ्या घेतल्या. कसाब जिवंत सापडला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ओंबळे यांचे शौर्य आपण सारे जाणतो. पण ते योग्य जागी, योग्य गाडीसमोर उभे राहिले त्यामागे कुणीतरी सांगितलेले आणि कुणीतरी नीट ऐकलेले ते गाडीचे वर्णन होते.

या कहाणीला दुसरी बाजूही आहे. पतीच्या मृत्यूच्या वेळी नेमके काय घडले हे जाणण्यासाठी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या संभाषणाच्या नोंदी मिळवल्या, आणि त्यांच्या आधारे २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिले. त्यातल्या निष्कर्षांवर मतभेद झाले. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. कोण, कोणाला, कधी, काय म्हणाले याची बिनतारीची नोंद, एका पत्नीला आपल्या माणसाच्या शेवटच्या तासापर्यंत नेणारी वाट ठरली. अशा शब्दांची नक्कल कथेत करताना ‘ओव्हर अँड आउट’ची टाळीबाज वाक्ये टाकणे बरे दिसत नाही. ते खोटे असते म्हणून खटकते, आणि त्याहून जास्त, ज्यांनी ते शब्द जीव जाताना उच्चारले त्यांचा तो उपमर्द होतो म्हणून खटकते.

साध्या शब्दांकडे

गंमत अशी, की ज्या अमेरिकेत टेन-कोड जन्मले, तिथेच त्यांचा भार जाणवू लागला. प्रत्येक गावाने आकड्यांना आपापले अर्थ दिले होते. २००५ मध्ये कतरिना वादळात अनेक ठिकाणची पथके न्यू ऑर्लिन्स परिसरात एकत्र आली तेव्हा संपर्काचे मोठे घोळ झाले. त्यानंतर तिथल्या केंद्रीय यंत्रणेने मोठ्या आपत्तीत संकेत टाळून साध्या भाषेत बोलावे, असा आग्रह धरला. म्हणजे आपला लेखक खरेपणासाठी जे संकेत उसने आणतो, त्यांपासून खुद्द ते वापरणारेच दूर सरकत आहेत.

आपल्याकडेही बदल झाले आहेत. ‘एक शून्य शून्य’च्या जागी २०१८ पासून राज्याराज्यांत ‘एक एक दोन’ येऊ लागले. नवे संच अंकीय झाले, संभाषणाला कुलूप लागले. रेडिओचा काटा फिरवून ते ऐकण्याचे दिवस संपले. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण लेखकाच्या कानाला आता एकच वाट उरली : ज्यांनी या यंत्रणेत आयुष्य घालवले त्या निवृत्त माणसांशी बोलणे. आपल्या समाजात असे लोक आहेत. कोणी पोलीस वायरलेस विभागात होते, कोणी सैन्याच्या सिग्नल्समध्ये, कोणी रेल्वेच्या नियंत्रण कक्षात. गुप्त काही विचारायचे नाही. कसे बोलत होतात, चूक कशी टाळत होतात, रात्रपाळीत झोप कशी आवरत होतात, एवढेच विचारायचे.

आणि इथे आम्हाला आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरी आपण मराठी बोलतो, दारात हिंदी, गुजराती, कानडी किंवा तेलुगू, कचेरीत इंग्रजी. आपले मराठी भेसळीचे आहे असे पुण्याचे नातेवाईक हसत सांगतात, आणि आपणही उगाच ओशाळतो. बिनतारीची बोली हीसुद्धा अशीच मिश्र असते. ‘कंट्रोल’, ‘लोकेशन’, ‘पॉइंट’, ‘बंदोबस्त’, ‘नाका’ हे शब्द एका वाक्यात सुखाने नांदतात. बंदोबस्त फारसीतून आला, पॉइंट इंग्रजीतून. गर्दीत कुणी ते तपासत बसत नाही. समोरच्याला चटकन कळेल तो शब्द, हा तिथला एकच नियम. इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात तेव्हा त्या गर्दीत हरवलेल्या पोराचे वर्णन या चौकातून त्या चौकात जाते, त्या वेळी शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न कुणालाच पडत नाही. निळा सदरा, वय पाच, नाव सांगतो, आडनाव सांगत नाही. एवढे पुरते. अशी मिश्र, कामाची भाषा कानाने टिपण्यात आपला हात कुणी धरू शकणार नाही, कारण आपण तीत जन्मलो आहोत. सीमेवरच्या आणि परप्रांतातल्या मराठी पोलिसाची, त्याच्या दुभाषी घराची, त्याच्या रात्रपाळीची कथा अजून फारशी लिहिली गेलेली नाही. ती पुण्या-मुंबईत बसून लिहिता येणार नाही, आपल्यालाच लिहावी लागेल.

ज्याच्या उत्सवासाठी ही स्मरणिका निघते तो गणपती लेखकांचाही आद्य लेखक. महाभारत लिहून घेताना व्यासांनी त्याला अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. बिनतारीवर निरोप घेणारा माणूस रात्रभर तेच करतो : ऐकतो, समजून घेतो, उलट वाचून दाखवतो आणि मगच लिहितो. मंडळातल्या तरुण मित्रमैत्रिणींनी पुढच्या वर्षीच्या अंकासाठी अशी एखादी कथा जरूर द्यावी. पाने आम्ही राखून ठेवू.

गणपती बाप्पा मोरया!